रोजचीच गाडी रानवाटेला नेताय? आधी टायर, मग वजन, बंपर-लाइट शेवटी

बेळगाव : आठवडाभर ऑफिस, शाळा आणि बाजार करणारी गाडी शनिवारी आंबोली, चोर्ला किंवा खानापूरकडे काढायची आणि ओळखीच्या शेतात तंबू टाकून रात्र काढायची, ही हौस आपल्याकडे अनेकांना आहे. त्यासाठी वेगळी फोर बाय फोर घ्यायची गरज नाही. एर्टिगा किंवा वॅगन-आरसारखी घरची गाडीही कच्च्या रस्त्याला चालते. फक्त पैसे कुठे आधी घालायचे, तो क्रम बहुतेकांचा उलटा होतो. लोखंडी बंपर आणि टपावरच्या लाइट पहिल्यांदा येतात, टायर मात्र झिजलेलेच राहतात.

टायर

या गाड्यांची पुढची चाकं ओढतात. जांभ्याच्या तांबड्या चिखलात पकड मिळते ती टायरच्या नक्षीमुळे. कायद्याने ती किमान १.६ मिमी हवी. पण चिखलात जायचं तर ३ मिमीच्या आत आली की टायर बदललेला बरा. साइज कंपनीचीच ठेवा. मऊ माती किंवा वाळू लागली तर हवा ३३ पीएसआयवरून २२-२४ पर्यंत उतरवा, टायर पसरून पकड वाढते. मात्र डांबरी रस्त्यावर येताच पुन्हा भरा, नाहीतर टायर तापून फुटू शकतो. त्यासाठी १२ व्होल्टचा छोटा कंप्रेसर आणि हवा मोजायचा गेज, ही पहिली खरेदी. स्टेपनीतली हवाही निघण्याआधी बघा.

वजनाचा हिशोब

मॅन्युअलमधल्या कमाल वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा; उरेल ती तुमची शिल्लक. चार माणसं ७० किलोंची धरली तर २८० किलो तिथंच गेले. पाण्याचे २० लिटरचे दोन कॅन म्हणजे आणखी ४० किलो. गाडी जेवढी भरेल तेवढी खाली बसते आणि दगडाला पोट घासतं.

जड सामान मागच्या सीटला टेकून, खाली ठेवा. सगळं अगदी मागे कोंबलं की पुढची चाकं हलकी होतात आणि चढावर जागच्या जागी फिरतात. टपावर फक्त तंबू, अंथरूण असं हलकं सामान. टपावरच्या पट्ट्या अनेक गाड्यांत केवळ शोभेच्या असतात. त्या किती वजन पेलतात हे मॅन्युअलमध्ये बघूनच कॅरिअर बसवा.

अडकल्यावर

जाड टो-रोप, लहान फावडं आणि हातमोजे पुरेसे आहेत. गाडीच्या टूलकिटमध्ये स्क्रूने बसणारा ओढायचा हुक असतो. तो बंपरच्या झाकणामागे कुठे बसतो हे घरीच बघून ठेवा. दोर सस्पेन्शनला बांधू नका. ओढताना बाकीच्यांनी दोरापासून लांब उभं राहायचं. वाहत्या पाण्यात गाडी घालू नका, पाणी कमी दिसलं तरी.

जे बसवू नये

लोखंडी बुलबार किंवा क्रॅशगार्ड बेकायदा आहेत. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना तसं कळवलं आहे. धडक बसली तर समोरच्या पादचाऱ्याला जास्त इजा होते आणि एअरबॅगच्या कामातही अडथळा येऊ शकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल चालत नाही. कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बदलाला मालकाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा केंद्राचा आहे. त्यामुळे केए-२२ ची गाडी चंदगडला गेली काय किंवा साखळीला, नियम तोच. खालून दगड लागू नये म्हणून इंजिनखाली प्लेट बसवायची असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारून बसवा.

रात्रीची काळजी

सगळ्यात महत्त्वाचं इथंच आहे. गाडी बंद करून झोपा. एसीसाठी इंजिन चालू ठेवून किंवा थंडीसाठी गाडीत अथवा तंबूत शेगडी पेटवून झोपलात तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस जागा होत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथं कॅरॅव्हॅनमध्ये झोपलेले दोघे जनरेटरच्या अशाच वायूने गेले. झोपताना काचा दोन बाजूंनी बोटभर उघड्या ठेवा, आत डास येऊ नयेत म्हणून जाळी लावा. स्वयंपाक बाहेर, मोकळ्या हवेतच.

जागेचंही आधीच बघा. भीमगडसारख्या अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. खासगी शेत असेल तर मालकाला विचारा, जवळच्या गावात सांगून ठेवा. मोबाइलची रेंज जाते तिथं तीच माणसं ट्रॅक्टर घेऊन मदतीला येतात.