कोरडी माशी आणि दुधनेचा डोह

जालन्याच्या दुधना नदीच्या डोहावर गळ टाकून बसणाऱ्याला ‘ड्राय फ्लाय’ म्हटलं की वाटतं, वाळलेली माशी आमिष म्हणून लावायची. तसं नाही. बारीक गळावर दोरा आणि कोंबड्याच्या मानेची पिसं गुंडाळून केलेला हा नकली किडा. पिसांचे ताठ तंतू पाण्याच्या पृष्ठभागावर टेकून राहतात, म्हणून तो तरंगतो, ‘कोरडा’ राहतो. इंग्लंडात फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी अशा तरंगत्या माश्यांवर १८८६ साली पुस्तकच लिहिलं.

हे फक्त ट्राउटसाठी, जालन्यात त्याचा काय उपयोग, असं बरेच जण म्हणतात. ट्राउटला साधारण २० अंशांखालचं पाणी मानवतं आणि आपला उन्हाळा चाळिशी ओलांडतो, हे खरंच. पण ही पद्धत माशाच्या जातीवर नाही, पाण्यावर पडलेला किडा टिपण्याच्या सवयीवर उभी आहे. दिवस मावळताना डोहावर पाऊस नसतानाही थेंब पडल्यासारखी वलयं उठतात. ती चंदेरी बारीक मासळी किडे टिपत असते. शिकणाऱ्याला तिच्यासारखा गुरू नाही.

मग वरच्या थरात राहणारा कटला तर हमखास लागेल? इथेच बहुतेकांची फसगत होते. कटला वर राहतो, पण तो मुख्यतः पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो. किड्यावर झेप घेणं हा त्याचा स्वभाव नाही. रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी चरतो. मरळ हवेचा घोट घ्यायला वर येते, त्या हालचालीलाही लोक भक्ष्य टिपणं समजतात.

सर्वांत पक्का गैरसमज मनगटाच्या जोराचा. नेहमीच्या गळाला शिसं असतं, ते दोरीला ओढत नेतं. माशीला वजनच नसतं. इथे जाड, जड दोरी फेकायची आणि माशी तिच्यामागून जाते. काठी मागे नेली की थांबायचं, दोरी पाठीमागे सरळ होऊ द्यायची, मगच पुढे आणायची. थांबायचा धीर नसला की चाबकासारखा आवाज होतो आणि माशी तुटून जाते. हे पाण्यावर शिकू नये. मोकळ्या खळ्यात, गळाऐवजी लोकरीचा गोंडा बांधून रोज पंधरा मिनिटं सराव करावा.

माशी सतत हलवायची, हेही चूक. खरा किडा प्रवाहासोबत निमूट वाहतो. दोरी ताणली गेली की माशी पाण्यावर रेघ ओढते आणि मासा बिचकतो. साठल्या पाण्यात हेच काम वारा करतो, म्हणून दोरी थोडी सैल पडू द्यावी. माशाने माशी घेतली की लगेच हिसका देऊ नये. तोंड मिटू द्यावं, मग काठी हलकेच उचलावी.

पहिल्या पावसानंतर पंखवाली वाळवी उडते, पाण्यावर पडते आणि मासे तिच्यावर तुटून पडतात. म्हणून पावसाळाच उत्तम, असं सांगतात. पण गढूळ पाण्यात माशी दिसत नाही आणि तो काळ अनेक माशांच्या विणीचा असतो. पोटात अंडी असलेली मादी उचलू नये, असं मला मनापासून वाटतं. पाणी निवळतं आश्विन-कार्तिकात, तेव्हा काठी काढावी. तलावावर जाणार असाल, तर आधी मासेमारीचा ठेका असलेल्या संस्थेची परवानगी घ्यावी.