पहिला घास माशाचा नव्हे

तेलंगणातल्या तामसी मंडलात असलेल्या मत्तडीवागूसारख्या जलाशयांवर सतत बुड्या मारणारा छोटा तपकिरी पक्षी पाहून बदकाचं पिल्लू असावं असं वाटतं. ती असते टिबुकली. बदकांशी तिचं नातं दूरचं आहे. डीएनएच्या अभ्यासातून तिच्या कुळाचा सर्वांत जवळचा नातलग निघाला तो रोहित, म्हणजे फ्लेमिंगो!

हिवाळ्यात येणारी शेंडीबदकं आणि मोठ्या लालसरीही बुडी मारतात, पण मुख्यतः गोगलगायी, शिंपले किंवा पाणवनस्पतींसाठी. खरी मासेखाऊ बदकं म्हणजे मर्गान्सर. ती लडाखात वीण करतात आणि थंडीत रामगंगेसारख्या हिमालयाच्या पायथ्याच्या नद्यांवर उतरतात. त्यांच्या चोचीला करवतीसारखे, मागे वळलेले दाते असतात. निसटता मासा त्यांत अडकतो.

इतक्या पट्टीच्या शिकाऱ्याची पिल्लं मात्र मासे खात जन्मत नाहीत. मादी झाडाच्या ढोलीत किंवा कड्याच्या कपारीत साधारण 8 ते 12 अंडी घालते. महिनाभराने पिल्लं बाहेर पडतात आणि एक-दोन दिवसांतच उंचावरून खाली उड्या टाकतात. आई त्यांना भरवत नाही. ती पाण्यातले किडे स्वतःच टिपतात. माशांकडे वळायला दहा-बारा दिवस जातात. कधी अनेक माद्यांची पिल्लं एकीच्याच मागे लागतात. 2018 साली अमेरिकेतल्या मिनेसोटात एका मादीमागे सत्तरहून जास्त पिल्लं पोहत होती.

टिबुकलीचा संसार याहून वेगळा, आणि मला तो अधिक मोहक वाटतो. पाणवनस्पतींना अडकवलेलं तिचं घरटं तरंगतं असतं. उठून जाताना ती अंड्यांवर ओलं शेवाळ, पानं ओढून घेते. पांढरी अंडी त्याने डागाळून तपकिरी होतात आणि शत्रूच्या नजरेतून सुटतात. पट्टेदार डोक्याची पिल्लं आईबापांच्या पाठीवर, पिसांत दडून फिरतात. इथे नर-मादी दोघंही भरवतात. सुरुवातीला किडे आणि त्यांच्या अळ्या, पुढे बेडकांची पिल्लं, बारीक मासे. मासा डोक्याकडून गिळायचा, म्हणजे काटे घशात रुतत नाहीत.

म्हणून अशा तलावाची पारख मी नुसत्या मासळीवरून करणार नाही. काठचं गवत, लव्हाळे उपटून टाकले की घरटं बांधायला खुंटा राहत नाही आणि किडेही घटतात. मासे भरपूर असले, तरी ते पेलण्याएवढी चोच पिल्लांना अजून आलेली नसते.