न्यू इंग्लिश स्कूल : एक शाळा कशी टिकली

श्रोतेहो, पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचें नांव निघालें कीं आपल्याला चिपळूणकर, टिळक, आगरकर आठवतात आणि आपण आदरानें मान लववून थांबतों. मी मॅट्रिक होऊन सारें आयुष्य मास्तरकींत घालविलेला मनुष्य आहें. मला निराळाच प्रश्न पडतो. तीं माणसें मोठीं होतीं हें खरें. पण कोणी वारलीं, कोणी भांडून निघून गेलीं. शाळा मात्र राहिली. ती कशाच्या बळावर?

१८७९ सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं सरकारी शाळेंतील नोकरी सोडली. शिक्षणाच्या कामास वाहून घ्यावें असा विचार डेक्कन कॉलेजांतील टिळक व आगरकर ह्या मित्रांचाही चालला होता. ते शास्त्रीबोवांना भेटले, महादेव बल्लाळ नामजोशी येऊन मिळाले, आणि १८८० च्या जानेवारींत पुण्यास शाळा उघडली. शास्त्रीबोवा तेव्हां २९ वर्षांचे, टिळक अवघे २३ वर्षांचे! वामन शिवराम आपटे त्याच सालीं आले, एम्. ए. ची परीक्षा आटोपून आगरकर १८८१ मध्यें दाखल झाले.

पुढचें वर्ष, म्हणजे १८८२, मोठ्या कसोटीचें ठरलें. मार्च महिन्यांत विष्णुशास्त्री वारले. त्यानंतर चारच महिन्यांनीं कोल्हापूर प्रकरणीं टिळक व आगरकर ह्यांना कारावास घडला. एखादी शाळा येथेंच मोडली असती. परंतु वर्ग चालू राहिले; आणि त्याच सालीं शिक्षण कमिशनचे अध्यक्ष हंटर ह्यांनीं शाळा पाहून तिची मनापासून प्रशंसा केली.

ह्या अनुभवावरूनच कीं काय, चालकांनीं शाळेला नियमांचा पाया घातला. १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व १८८५ मध्यें फर्गसन कॉलेज निघालें. आजीव सभासदानें वीस वर्षें सेवा करावी, दरमहा ७५ रुपये घ्यावे, असा करार ठरला. शाळा आतां कोणा एकाच्या घरची राहिली नाहीं. ती संस्थेची झाली.

परंतु नियम करणें सोपें, पाळणें कठीण. सभासदानें बाहेरचें काम व बाहेरची प्राप्ति करावी कीं नाहीं, ह्यावरून तीव्र मतभेद झाले. सारा वेळ व सारी शक्ति संस्थेचीच, असा टिळकांचा आग्रह; तुटपुंज्या पगारांत संसार चालविणाऱ्यांना थोडी मोकळीक असावी, असें इतरांचें म्हणणें. अखेर १८९० सालीं टिळकांनीं राजीनामा दिला.

ह्या वादांत कोण चुकलें, हें ठरविण्याचें धाडस मी करणार नाहीं. मीही घरखर्चासाठीं सकाळीं शिकवण्या केल्या आहेत. मुलींचीं लग्नें त्यांतूनच झालीं. पण अकराच्या घंटेला वर्गांत शिरतांना माझा आवाज बसलेला असे, हेंही मला स्मरतें. ताज्या मनानें शिकविलेला धडा पैसे देणाऱ्या चार मुलांना मिळे आणि उरलासुरला वर्गांतील चाळिसांना. म्हणून टिळकांचें म्हणणें मला पटतें, आणि दुसऱ्या पक्षाची अडचण समजते.

सुदैवानें त्या भांडणानें शाळा फुटली नाहीं. १८८५ मध्यें ह्याच शाळेंत शिक्षक म्हणून आलेले गोपाळ कृष्ण गोखले १९०२ पर्यंत सोसायटीच्या कामांत राहिले. आपटे १८९२ मध्यें वारले, तेव्हां आगरकर फर्गसनचे प्रिन्सिपॉल झाले. १८९५ मध्यें तेही गेले. तरी जागा रिकामी पडली कीं कोणी तरी पुढें आलें. टिळक रस्त्यावर व रमणबागेंत शाळेची घंटा आजही वाजते.

माझ्या प्रश्नाचें उत्तर मला येथें सांपडतें. थोर माणसें शाळा काढतात. पण ती टिकविणारे असतात वर्षानुवर्षें त्याच वर्गांत उभे राहणारे शिक्षक. तेव्हां गृहस्थहो, मुलांसाठीं शाळा निवडतांना इमारत अवश्य पाहावी; पण येथें शिक्षक किती वर्षें टिकतात, आणि त्यांचा संसार पगारांत भागतो काय, हेंही विचारावें.