सपाट बाजू असलेल्या भागांचे रनआऊट मापन : निर्देशांक मापन यंत्राच्या संदर्भात

प्रस्तावना :
फिरणाऱ्या यंत्रभागाचा पृष्ठभाग आपल्या अक्षाभोवती किती डगमगतो, हे ‘रनआऊट’ या मापाने व्यक्त केले जाते. पारंपरिक पद्धतीत भाग व्ही-ब्लॉकवर किंवा दोन सेंटरांमध्ये धरून एक फेरा फिरवितात आणि डायल इंडिकेटरच्या कमाल व किमान वाचनांतील फरक घेतात. निर्देशांक मापन यंत्रावर, म्हणजेच सीएमएमवर, भाग सहसा स्थिर असतो. प्रोब पृष्ठभागावरील बिंदूंचे निर्देशांक घेतो आणि संगणक आधार-अक्षापासून त्यांची अंतरे काढतो. भागाला सपाट बाजू असल्यास या गणनेतून चांगला भाग नाकारला जाण्याचा व सदोष भाग स्वीकारला जाण्याचा धोका संभवतो. प्रस्तुत लेखात या धोक्याची कारणे व त्यावरील उपाय यांचे विवेचन केले आहे.

षट्कोनी भाग :
रनआऊटची संकल्पना अक्षाभोवती फिरून निर्माण होणाऱ्या पृष्ठभागांसाठी व अक्षाला लंब असलेल्या पृष्ठभागांसाठी आहे. समोरासमोरील बाजूंमध्ये २४ मि.मी. अंतर असलेला षट्कोन घेतल्यास बाजूचा मध्य अक्षापासून १२ मि.मी. आणि कोपरा सुमारे १३.८६ मि.मी. अंतरावर असतो. म्हणजेच निर्दोष षट्कोनही १.८६ मि.मी. ‘रनआऊट’ दाखवील. हा आकडा दोषाचा नसून आकाराचा आहे.

अशा वेळी सहा बाजू सहा प्रतले म्हणून मोजाव्यात, समोरासमोरील प्रत्येक जोडीचे मध्यप्रतल काढावे आणि ते आधार-अक्षापासून किती सरकले आहे ते पाहावे. षट्कोन ०.०५ मि.मी. सरकला असेल, तर सरकण्याच्या दिशेला लंब असलेल्या दोन बाजूंच्या अक्षापासूनच्या अंतरांत ०.१० मि.मी. फरक पडतो. आरेखनावरही येथे रनआऊटऐवजी स्थान-सह्यता देणे अधिक योग्य ठरते.

डी-आकाराचा दंड :
ज्या दंडगोलाची एकच बाजू सपाट केलेली असते, त्याच्या उरलेल्या वर्तुळाकार भागाला रनआऊट लागू करता येते. मात्र सपाट पट्टा गणनेतून वगळावा लागतो. २० मि.मी. व्यासाच्या दंडावर ०.५ मि.मी. खोल सपाट बाजू असल्यास ती सुमारे ३६ अंशांचा कोन व्यापते. वर्तुळ ९० अंशांच्या अंतराने घेतलेल्या चारच बिंदूंवरून काढले आणि त्यांपैकी एक बिंदू सपाट बाजूच्या मध्यावर पडला, तर लघुतम वर्ग पद्धतीने मिळणारे केंद्र सुमारे ०.२५ मि.मी. सरकते. हाच दंड आधार असेल, तर इतर व्यासांवर जवळपास ०.५ मि.मी. खोटे रनआऊट दिसते. कारण केंद्राच्या सरकण्याच्या दुप्पट रनआऊट येते. म्हणून बिंदू वर्तुळाकार भागावरच, पुरेशा संख्येने व कडांपासून दूर घ्यावेत.

प्रोब आणि आधार :
प्रोबच्या टोकाशी गोलक असतो. यंत्र प्रत्यक्षात या गोलकाच्या केंद्राची नोंद करते आणि त्रिज्येइतकी दुरुस्ती पृष्ठभागाच्या लंबदिशेने करावी लागते. सपाट बाजूवर ती अक्षाच्या दिशेने केल्यास, बाजूच्या मध्यापासून दूर जाताना चूक वाढत जाते. कोपऱ्यावर तर लंबदिशाच निश्चित नसते.

आधाराची लांबीही तितकीच महत्त्वाची आहे. १० मि.मी. अंतरावरील दोन वर्तुळांवरून अक्ष काढला आणि त्यांच्या केंद्रांच्या सापेक्ष स्थितीत २ मायक्रोमीटर चूक झाली, तर १०० मि.मी. पुढे ती २० मायक्रोमीटर आणि रनआऊटमध्ये ४० मायक्रोमीटर होते. आखूड आधाराचा हा दोष अधिक बिंदू घेऊन काहीसा घटतो, पण नाहीसा होत नाही. शक्य तेथे दोन दूरस्थ वर्तुळांचा संयुक्त आधार घ्यावा.

समारोप :
सीएमएम दिलेल्या बिंदूंची गणना अचूक करते. कोणता बिंदू कोणत्या पृष्ठभागाचा आहे, हे मापकाला ठरवावे लागते. षट्कोनासाठी मध्यप्रतले, डी-दंडासाठी सपाट पट्टा वगळलेले वर्तुळ आणि दोन्हींसाठी पुरेसा लांब आधार, हा क्रम पाळल्यास निष्कर्ष विश्वसनीय ठरतो. प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांकडून एकच भाग डायल इंडिकेटरने व सीएमएमने मोजवून घेऊन दोन्ही आकड्यांतील फरकाचे कारण शोधावयास लावणे, हा या विषयाच्या अध्यापनाचा उपयुक्त मार्ग होय.