सांध्यांच्या शास्त्राचा सन्मान

पायांनी चालणारे शिवणयंत्र बहुतेकांच्या पाहण्यातले असते. पायांखालची पट्टी नुसती झुलते, तिला जोडलेला दांडा वर-खाली होतो आणि चाक मात्र पूर्ण फेरे घेते. पट्टी, दांडा, चाक आणि स्थिर चौकट अशी ही चार दुव्यांची साखळी होय. कोणत्या दुव्याची लांबी किती ठेवली असता हवी तीच गती मिळेल, हा यंत्रगतिशास्त्राचा मूळ प्रश्न. या शास्त्रात आणि त्याच्याच आधारावर वाढलेल्या यंत्रमानवशास्त्रात जन्मभर मौलिक कार्य करणाऱ्यांना ‘अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्स’ ही १८८० साली स्थापन झालेली संस्था ‘मेकॅनिझम्स अँड रोबोटिक्स ॲवॉर्ड’ हा पुरस्कार देते.

हा गौरव एखाद्या यंत्राचा नसून आयुष्यभराच्या कार्याचा आहे, आणि ते योग्यच म्हटले पाहिजे. या क्षेत्रातील कामाचे मोल पुष्कळदा फार उशिरा कळते. डेनाविट आणि हार्टेनबर्ग या दोघा अमेरिकी संशोधकांनी १९५५ साली सांध्यांनी जोडलेल्या दुव्यांचे वर्णन करण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. प्रत्येक सांध्यासाठी केवळ चार संख्या पुरतात, असे तिचे सार. त्यावेळी कारखान्यात यंत्रमानव नव्हता. ‘युनिमेट’ हा पहिला औद्योगिक यंत्रमानव न्यू जर्सीतील मोटार कारखान्यात कामास लागला तो १९६१ साली. पुढे यंत्रमानवाच्या हाताचे गणित मांडण्यास हीच पद्धत उपयोगी पडली आणि आजही ती विद्यार्थ्यांना शिकविली जाते.

या शास्त्राला आधुनिक रूप देणाऱ्यांत फर्डिनंड फ्रॉयडेनस्टाइन यांचे नाव अग्रभागी येते. १९२६ साली फ्रँकफर्ट येथे जन्मलेल्या या गृहस्थांनी १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली व पुढे तेथेच अध्यापन केले. तोपर्यंत अशा साखळ्यांची आखणी मुख्यत्वे कागदावर, पट्टी व कंपास घेऊन होत असे. त्यांनी चार दुव्यांच्या लांबी आणि फिरण्याचे कोन यांचा संबंध एका सुटसुटीत समीकरणात बसविला. १९५९ साली त्यांनी आणि सँडोर यांनी हे काम गणकयंत्राकडून करवून घेतले. २००६ साली त्यांचे निधन झाले.

सहा फिरत्या सांध्यांच्या यांत्रिक हाताचा पंजा अमुक जागी, अमुक दिशेने न्यावयाचा असेल, तर प्रत्येक सांधा किती वळवावा? ऐकण्यास सोपा वाटणारा हा प्रश्न सर्वसाधारण रूपात इतका अवघड ठरला, की त्याच्याशी समकक्ष असलेल्या सात दुव्यांच्या साखळीच्या प्रश्नाला फ्रॉयडेनस्टाइन यांनी या शास्त्राचा एव्हरेस्टच म्हटले. (गणितज्ञांनाही गिर्यारोहकांची भाषा आवडते, असे दिसते.) १९८० साली डफी आणि क्रेन यांनी ३२ व्या घाताचे समीकरण मांडले, ते गरजेपेक्षा मोठे होते. १९८८ साली ली आणि लिआंग यांनी १६ व्या घाताचे समीकरण मिळविले. त्यानंतर राघवन आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाचे बर्नार्ड रॉथ यांनी संगणकास सोयीची अशी रीत दिली. पंजाची जागा व दिशा तीच ठेवून असा हात जास्तीत जास्त १६ वेगवेगळ्या प्रकारे वळू शकतो. त्यांपैकी कोणता पवित्रा आजूबाजूच्या यंत्रांना न धडकता घेता येईल, हे ठरविण्याचे काम मात्र त्यानंतर सुरू होते.