होडीखालचा टेकू

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. मुंबईतल्या माहुलसारख्या कोळीवाड्यांत तेव्हा होड्या काठावर टेकूंच्या आधाराने उभ्या दिसतात. पाण्यात होडीचा भार बुडालेल्या सगळ्या भागावर पसरतो, जमिनीवर तो मोजक्या जागी एकवटतो. २०० किलोची शिडाची होडी १०० चौरस सेंटिमीटरच्या दोन टेकूंवर ठेवली, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १ किलो भार येतो. टेकू दहापट रुंद केले की तो दहावा हिस्सा!

होडी वाहून नेणाऱ्या ट्रेलरसाठी घरी असे टेकू करताना बुडाचा बाक आधी पुठ्ठ्यावर उतरवा, त्याच आकारात मरीन प्लायवूड कापा, वर जाड रबर चिकटवा. मुख्य भार मात्र तळकण्यावरच हवा. बाजूचे टेकू होडी कलू नये एवढ्यासाठी असतात. ते आतल्या फासळ्यांखालीच लावा, मधल्या पातळ फायबरखाली कधीच नको.