वेंगुर्ल्याची वखार आणि समुद्राची मालकी

वेंगुर्ल्याला येणारी मंडळी दीपगृह आणि सागरेश्वरचा किनारा पाहतात, मासे जेवतात आणि परत फिरतात. डच वखारीकडे फारसं कुणी वळत नाही. मी मात्र आधी तिकडेच जातो. जांभ्याच्या जाड भिंती, त्यांत घुसलेली झाडांची मुळं, माथ्यावर छप्पर नाही. बरोबरचे लोक थोड्याच वेळात कंटाळतात आणि सोलकढीच्या गोष्टी काढतात. मला तिथे दर वेळी एक पुस्तक आठवतं, ह्यूगो ग्रोशिअस या डच कायदेपंडिताचं ‘मारे लिबेरुम’, म्हणजे मुक्त समुद्र.

त्या पुस्तकाकडे वळण्याआधी त्याची पूर्वपीठिका उरकून घेतो. माणसाला बरंवाईट कळतं ते केवळ धर्मग्रंथातून नव्हे, तर देवाने दिलेल्या बुद्धीतूनही, असं ख्रिस्ती नीतिशास्त्रात सेंट पॉलपासून मानत आले. तेराव्या शतकात थॉमस अक्विनासने त्याची नीट मांडणी केली: चांगलं करावं, वाईट टाळावं, जीव जपावा, पोरंबाळं वाढवावीत, सत्य शोधावं, समाजात राहावं. हा नैसर्गिक नियम ख्रिस्ती नसलेल्यांनाही लागू. अक्विनासचं मला सर्वांत आवडणारं मत असं की पृथ्वीवरची संपत्ती मुळात सगळ्यांच्या गरजेसाठी आहे, म्हणून उपाशी मरणाऱ्याने दुसऱ्याचं अन्न घेतलं तर ती चोरी नव्हे. झाली पूर्वपीठिका.

फेब्रुवारी १६०३ मध्ये सिंगापूरजवळ डच कप्तान हेम्सकेर्कने ‘सांता कातारिना’ हे मालाने खच्चून भरलेलं पोर्तुगीज जहाज पकडलं. लुटीचा पैसा अफाट होता, पण डच व्यापारी कंपनीच्या काही पापभीरू भागधारकांना तो पचेना. मग ऐन विशीतल्या ग्रोशिअसकडे समर्थन लिहिण्याचं काम आलं. त्याने लिहिलेल्या मोठ्या ग्रंथाचं एकच प्रकरण १६०९ साली लेखकाच्या नावाशिवाय छापलं गेलं, ते हे पुस्तक. बाकीचं हस्तलिखित थेट १८६४ मध्ये उजेडात आलं. म्हणजे वकीलपत्र घेऊन लिहिलेलं पुस्तक. पण वकिलाचा मुद्दा चोख असू शकतो.

पोर्तुगीजांचं म्हणणं, पूर्वेचा समुद्र आमचा, पोपने दिलेला. त्यांचा ‘कार्ताझ’ हा परवाना नसेल तर आपल्या कोकणातलं गलबतही ते पकडायचे. ग्रोशिअस म्हणतो, पोप या पृथ्वीचा मालक नाही, तो देणार कुठून? नैसर्गिक नियम सगळ्यांना लागू, म्हणून हिंदुस्थानातले लोक ख्रिस्ती नसले तरी त्यांची जमीन त्यांची, राजे त्यांचे. हा आधार त्याने घेतला व्हितोरियाकडून, म्हणजे स्पेनमधल्या कॅथलिक धर्मगुरूकडून! प्रॉटेस्टंट डचाने कॅथलिकांवर कॅथलिकांचंच शस्त्र उगारलं. आणि समुद्र? तो कुणाला कुंपण घालून ताब्यात घेता येत नाही, एकाने वापरला म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही; म्हणून तो सगळ्यांचा.

१६३७ च्या सुमारास डच वेंगुर्ल्यात आले ते कशासाठी? व्यापार होताच, पण गोव्याच्या तोंडाशी जहाजं उभी करून पोर्तुगीजांना कोंडायचं, तर जवळ धान्यपाण्याची सोय हवी. मुक्त समुद्राचे पुरस्कर्ते समुद्र अडवून बसले! पुढे पूर्वेकडे त्यांनी स्वतःचे परवानेही सुरू केले. अर्थात आंग्रेही दस्तकं देतच होते, त्यामुळे आपण फार हसण्यात अर्थ नाही.

मला खरा रस आहे तो माशांच्या मुद्द्यात. नदीतले मासे संपतील, रानातली शिकार संपेल, पण समुद्रातले मासे संपणार नाहीत, असं ग्रोशिअसने लिहून ठेवलंय. मालवणात रापणीवर उभं राहून हे वाक्य आठवून बघा. होडी अर्धवर्तुळ घेत जाळं सोडते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि मग दोन रांगा तोल मागे टाकत, वाळूत टाचा रोवत ते ओढतात. मीही एकदा हात लावला. तळहात सोलून निघाले, आणि निघताना माझ्या पिशवीत न मागता चार बांगडे पडले. मासळी कमी का, असं विचारल्यावर शेजारचे म्हातारे रापणकर म्हणाले, “लायटी लावन सगळो मासो ते भायरच गोळा करतत. आमच्या रापणीक काय शेवाळ गावतला?”

हीच तक्रार १६१३ मध्ये स्कॉटलंडच्या विल्यम वेल्वुडने ग्रोशिअसविरुद्ध केली होती: परक्या मच्छीमारांनी आमच्या किनाऱ्यावरचा मासा विस्कटून टाकला. ग्रोशिअसने त्याला उत्तर लिहिलं, पण ते त्याच्या हयातीत छापलं गेलं नाही. माझं मत विचाराल तर ग्रोशिअसचाच निकष लावला तरी रापणकर जिंकतात. एकाच्या वापराने दुसऱ्याचं कमी होत नाही, ही अट माशांचा अख्खा थवा वेढून घेणाऱ्या पर्ससीनच्या जाळ्याने आणि मासे गोळा करणाऱ्या एलईडीच्या झोताने मोडली. मग ‘समुद्र सगळ्यांचा, आम्ही कितीही मारू’ म्हणायला आधार कुठला?

राज्य सरकारने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, केंद्राने २०१७ मध्ये दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. वेल्वुडलाही हेच हवं होतं, किनाऱ्याजवळचं पाणी राजाच्या हाती. पण रापणकरांना सरकारही मालक म्हणून नकोच आहे. गस्तीची बोट वेळेवर यावी, एवढंच त्यांचं मागणं आहे. ती कुठे असते, हे विचारलंत तर मालवणच्या धक्क्यावर अस्सल मालवणी शिव्या ऐकायला मिळतील.